खुन्याचा प्राण कोणाचा?

पौष वद्य एकादशीला श्रीक्षेत्र त्र्यंबकेश्वरी श्रीनिवृत्तिनाथांची यात्रा भरते. जव्हार-मोखाडा भागातील वारकऱ्यांना ही वारी घरचीच वाटते. पंढरी लांब, पण घाट चढून गेले की ज्ञानोबारायांच्या थोरल्या दादांच्या पायी डोके ठेवायला मिळते. अशाच एका वारीच्या आधी आमचा मुक्काम जामसर येथे होता. हरिपाठ झाला, आरती झाली, मंडळी पांगू लागली. तेव्हा एक वृद्ध माळकरी बाई पुढे आली आणि खाली बसून म्हणाली, "बुवा, एक विचारू का?"

आम्ही म्हटले, "विचारा ना, आजी."

"माझ्या लेकाला बांधाच्या भांडणात मारलं. मारणारा तुरुंगात आहे, कोर्टात काम चाललंय. मी रोज तुळशीपाशी दिवा लावते आन् विठोबाला म्हणते, त्याला फाशी होऊ दे. गळ्यात माळ आन् तोंडात हे मागणं. माझी वारी फुकट गेली का?"

वाचकहो, कीर्तनात दया-क्षमा-शांतीवर तासभर बोलणे सोपे असते. समोर लेक गेलेली आई बसली म्हणजे बोलणाऱ्याची जीभ जड होते. आमचीही झाली.

आजीबरोबर तिचा नातजावई आणि त्याचा धाकटा भाऊ आले होते. दोघे ख्रिस्ती. म्हातारीला अंधारातून घरी न्यावे म्हणून थांबलेले. थोरला नम्रपणे म्हणाला, "बुवा, आजीचं मागणं आमच्या शास्त्राला धरून आहे." धाकटा लगेच म्हणाला, "नाही, आमच्या प्रभूने उलट सांगितलं आहे." एकच धर्म, एकच ग्रंथ, एकाच आईची दोन लेकरे, आणि मते दोन! आम्ही त्यांना बसवून घेतले. पुढे घरी येऊन मराठी बायबल काढून तीच वचने ताडून पाहिली. आपल्याच पालघर जिल्ह्यातील वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केले असल्यामुळे मराठी माणसाला हे काम आता अवघड राहिलेले नाही. त्याहून कितीतरी आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत रचून प्रसिद्ध केले होते. तेव्हा हा विचार आपल्या भाषेला परका नव्हे. त्या दोघा भावांचे म्हणणे, त्याला आम्ही मागाहून जोडलेली टिपणे आणि त्यावर आमच्या अल्पमतीला जे सुचले ते असे तिन्ही येथे मांडतो.

आधी थोरल्याचा पक्ष ऐका. जलप्रलय ओसरल्यावर देवाने नोहाला सांगितले की जो मनुष्याचे रक्त सांडील त्याचे रक्त मनुष्याकडूनच सांडले जावे. कारण मनुष्य हा देवाच्या प्रतिरूपाचा आहे. हे वचन उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात येते. थोरल्याचा मुद्दा असा की मोशेचे नियमशास्त्र इस्राएल लोकांपुरते होते, परंतु नोहा हा प्रलयातून वाचलेल्या साऱ्या मनुष्यजातीचा पूर्वज. म्हणून ही आज्ञा सर्वांना लागू. शिवाय आज्ञेचे कारणही तेथेच दिले आहे. मनुष्याला मारणे म्हणजे देवाच्या रूपावर घाव घालणे. एवढ्या मोठ्या गुन्ह्याची किंमत लहान ठरवली, तर मेलेल्या माणसाचीच किंमत लहान ठरते.

कोणी म्हणेल, दहा आज्ञांत तर खून करू नकोस असे स्पष्ट आहे. याचे समाधान थोरला पक्ष असे करतो की मूळ हिब्रू शब्द सरसकट मारण्याचा नसून अन्यायाने जीव घेण्याचा आहे. आणि ती आज्ञा देणाऱ्या निर्गमाच्या पुस्तकात पुढच्याच अध्यायात खुन्याला देहान्त सांगितला आहे. गणनेच्या पस्तिसाव्या अध्यायात तर असे आहे की खुन्याच्या प्राणाबद्दल खंडणी घेऊन त्याला सोडू नये. म्हणजे सावकाराने माणूस मारायचा आणि पैसे टाकून सुटायचे, ही वाट बंद! नव्या करारात पौल रोमकरांस लिहिताना तेराव्या अध्यायात म्हणतो की राज्यकर्ता तलवार उगाच बाळगत नाही. आणि येशूच्या शेजारी क्रुसावर टांगलेल्या दोघांपैकी एकाने कबूल केले की आम्हांला आमच्या कर्माचे योग्य फळ मिळाले. त्यावर येशूने त्याला स्वर्गाचे आश्वासन दिले, पण शिक्षा चुकीची आहे असे म्हटले नाही.

हा पक्ष क्रूर आहे असे आम्हांस वाटत नाही. खून झाल्याचे ज्याला काहीच वाटत नाही तो दयाळू नव्हे, तो बधिर. आजीच्या मागण्यात सूड असेल. पण 'माझ्या लेकाचा जीव स्वस्त नव्हता' हा आक्रोशही आहे. तो देवाला नकोसा होईल असे आम्ही कसे म्हणावे? पहिला खून झाला तेव्हा हाबेलाचे रक्त भूमीतून देवाकडे ओरडते आहे, असे त्याच ग्रंथात देव स्वतः म्हणतो.

आता धाकट्याचा पक्ष. तो म्हणाला, "दादा नवव्या अध्यायापासून सुरू करतो, मी चौथ्यापासून करतो." काइनाने आपल्या सख्ख्या भावाला शेतात नेऊन मारले. तेथे न्याय करणारा दुसरा कोणी नव्हता, देवच होता. देवाने काय केले? त्याला शाप दिला, भूमीवरून हाकलले, परागंदा केले. आणि काइन भ्याला की मला जो भेटेल तो मारील, तेव्हा त्याला कोणी मारू नये म्हणून त्याच्यावर खूण केली. पहिल्या खुन्याचा पहिला न्याय हा असा. पुढेही तेच. मोशेने मिसरी माणसाला मारून वाळूत पुरले. देवाने त्याच्याच हाती नियमशास्त्र दिले. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत पुढे घालून मारविले. नाथान संदेष्ट्याने तोंडावर पाप मांडले, दावीद रडला, त्याला कठोर दुःख भोगावे लागले, पण प्राण राहिला. स्तेफनाला धोंडमार झाली तेव्हा मारेकऱ्यांची वस्त्रे सांभाळीत जो तरुण उभा होता, त्याचाच पुढे पौल झाला. या सर्वांना तेव्हाच मारले असते, तर अर्धे बायबल लिहायलाच कोणी उरले नसते!

आम्हांस येथे आपला वाल्या आठवला. किती माणसे मारली याचा हिशोब ज्याने रांजणात खडे टाकून ठेवला, त्याच्या मुखातून रामकथा आली. वारकरी हे रोज सांगतो. पण सांगताना एवढे ध्यानात ठेवीत नाही की नारदाने त्याला जिवंत ठेवले म्हणून तो वाल्मीकी झाला.

धाकट्याने नोहाच्या वचनालाही उत्तर दिले. त्याच उताऱ्यात रक्तासह मांस खाऊ नये हीही आज्ञा आहे. ती बहुतेक ख्रिस्ती लोक आज पाळीत नाहीत. नियमशास्त्रात शब्बाथ मोडणाऱ्याला आणि आईबापांना शाप देणाऱ्यालाही देहान्त आहे. तो आज कोणी मागत नाही. मग एकच धरून बाकीचे सोडायचे कशाच्या आधारावर? येशूने तर डोळ्याबद्दल डोळा हा जुना हिशोब उलटवून शत्रूवर प्रीती करायला सांगितले. दगड घेऊन जमलेल्यांना तो म्हणाला की जो निष्पाप असेल त्याने पहिला टाकावा. ही बाई व्यभिचाराच्या आरोपाची होती, खुनाच्या नव्हे, हे खरे. आणि ही कथा सर्वांत जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही, हेही विद्वान सांगतात. पण येशू स्वतः न्यायालयाच्या हुकमाने, निरपराध असता मारला गेला आणि मारणाऱ्यांसाठी त्याने क्षमा मागितली.

मग आम्ही त्या दोघांस विचारले, "तुमचा धर्म या बाबतीत शेवटी काय ठरवतो?" उत्तर असे निघाले की तेथेही ठरायला शतके लागली आणि सर्वांचे अजून एक झालेले नाही. तेराव्या शतकातील थोर आचार्य थॉमस अक्विनास यांनी सडलेला अवयव कापून शरीर वाचवावे तसा हा दंड मानला. रोमन कॅथलिक चर्चही फार काळ राज्याचा हा अधिकार मानीत आले. २ ऑगस्ट २०१८ रोजी मात्र पोप फ्रान्सिस यांच्या काळी चर्चच्या शिकवणीत बदल प्रसिद्ध झाला आणि देहान्त दंड स्वीकारता येण्यासारखा नाही, कारण तो माणसाच्या प्रतिष्ठेवर घाव आहे, असे सांगण्यात आले. नवल असे की कारण दोन्ही पक्षांचे एकच: माणूस देवाच्या रूपाचा! एक म्हणतो, म्हणून मारणाऱ्याला मारा. दुसरा म्हणतो, मारणाराही त्याच रूपाचा, म्हणून मारू नका.

आता ज्या गोष्टीत दोन्ही भाऊ एक झाले ती सांगतो. तीच आम्हांस अधिक मोलाची वाटली. बायबलात देहान्त सांगितला आहे तेथे त्याच्या हातापायांत बेड्याही घातल्या आहेत. एका साक्षीदाराच्या शब्दावर कोणाला मारू नये; दोन किंवा तीन पाहिजेत. पहिला दगड साक्षीदारानेच टाकावा, म्हणजे खोटे बोलणाऱ्याच्या हाताला ते रक्त लागेल. आणि ज्याच्या हातून नकळत माणूस मेला त्याने पळून जाऊन आसरा घ्यावा म्हणून सहा शरणपुरे नेमावीत, तीन यार्देनेच्या अलीकडे, तीन पलीकडे. सभेपुढे चौकशी होईपर्यंत मृताच्या भाऊबंदांनीही त्याला हात लावू नये. अर्थ असा की शास्त्राने पहिल्यांदा अडवले ते सुडाला.

हे न अडवले तर काय होते ते आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांना चोर समजून जमावाने ठार मारले. ना साक्ष, ना चौकशी. मारणाऱ्यांना वाटले, आपण न्यायच करतो आहोत. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींचा खून झाल्यावर महाराष्ट्रात ज्यांचा त्या पापाशी काडीचा संबंध नव्हता त्यांचीही घरे जळाली. रक्त एकाचे, राग दुसऱ्यावर. सूड आंधळा असतो.

न्यायालय आंधळे नसते. पण माणसाचेच असते. आपल्या राज्यात नाशिक जिल्ह्यातील २००३ सालच्या एका भयंकर गुन्ह्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशी ठरली होती. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना तीच शिक्षा दिली. पुढे २०१९ च्या मार्च महिन्यात त्याच न्यायालयाने पुरावा विश्वासाला उतरत नाही असे म्हणून सहाही जणांना निर्दोष सोडले. मधली सोळा वर्षे गेली ती गेली. पण दोरी ओढली गेली असती तर सोडायचे कोणाला? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली फाशीच्या कैद्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात सुमारे चारांतले तीन जण आर्थिकदृष्ट्या दुबळे आढळले. खंडणी घेऊ नये असे शास्त्र म्हणाले, पण चांगला वकील लावायला पैसा लागतोच. आमचे पाड्यावरचे लोक हे न सांगताही जाणतात.

आपल्या देशाच्या कायद्यात फाशी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०३ व्या कलमात खुनाला देहान्त किंवा जन्मठेप सांगितली आहे. मात्र १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले आहे की जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद. विरळातल्या विरळ प्रसंगीच ती द्यावी. म्हणजे आमच्या न्यायाधीशांनाही हा प्रश्न सुटला आहे असे नाही. ते जपून पाऊल टाकतात एवढेच.

पण आजीने आम्हांस कायदा विचारला नव्हता. तिने मागण्याचे विचारले होते. येथे पौलाच्या पत्रातील एक गोष्ट आमच्या नजरेस आली. राज्यकर्त्याच्या तलवारीची गोष्ट तेराव्या अध्यायात. आणि त्याच्या लगेच आधी, बाराव्याच्या शेवटी, सूड तुम्ही घेऊ नका, तो देवावर सोपवा, शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाला, असे सांगितले आहे. दोन अध्याय शेजारी शेजारी. दंड द्यायचा तो राज्याने, चौकशी करून. अंतःकरणात मात्र सुडाला घर द्यायचे नाही. न्याय कोर्टाच्या दारी मागावा, विठोबाच्या दारी दुसरे काही मागावे.

हे बोलणे सोपे, हे आम्ही आधीच म्हटले. म्हणून त्या रात्री आम्ही आजीला उपदेश केला नाही. भागवताच्या पहिल्या स्कंधातली कथा सांगितली. अश्वत्थाम्याने रात्री झोपेत द्रौपदीची पाचही लेकरे मारली. अर्जुनाने त्याला बांधून तिच्यापुढे आणून टाकले. भीम म्हणाला, मारा. श्रीकृष्णाने दोन्ही आज्ञा पुढे ठेवल्या: असा माणूस मारू नये हेही शास्त्र, आततायी मारावा हेही शास्त्र, दोन्ही सांभाळ. आणि द्रौपदी म्हणाली, सोडा याला. मी जशी रडते आहे तशी याची आई रडू नये. अर्जुनाने त्याच्या मस्तकीचा मणी केसांसह कापून घेतला आणि त्याला छावणीबाहेर हाकलले. काइनावर खूण, अश्वत्थाम्याच्या माथी जखम. दोन देशांची दोन पुराणे, पण दोघांनीही खुन्याला जिवंत ठेवून त्याचे पाप त्याच्या अंगावर दिसेल असे ठेवले. याला कोणी मोकळे सोडणे म्हणू नये.

येथे एक शंका काढलीच पाहिजे. अश्वत्थामा ब्राह्मण, गुरुपुत्र, म्हणून सुटला असे द्रौपदीच्याही बोलण्यात आहे. ज्या संप्रदायात चोखोबा, जनाबाई आणि तुकोबा एका वाळवंटात नाचतात, तेथे जातीवरून एकाला दोरी आणि दुसऱ्याला दया हे चालायचे नाही. तेवढे कारण आम्ही बाजूला ठेवतो. पण आईच्या रडण्याचे कारण बाजूला ठेवता येत नाही. त्याला जात नाही.

आणि हेही ध्यानात घ्यावे की 'सोडा' हे द्रौपदीने म्हटले. तिला तसे म्हणायला कोणी लावले नाही. ओडिशात मनोहरपूर येथे २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले गाडीत जाळली गेली. पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारणाऱ्यांना क्षमा केली असे सांगितले. खटला मात्र चालला, मुख्य आरोपीची फाशी पुढे जन्मठेपेवर आली. गांधीजींच्या मारेकऱ्यांना फाशी देऊ नये असे त्यांचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी कळवले होते. तरी १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाला येथे दोघांना फाशी झाली. बोलले ते ज्यांचे गेले ते. ज्याचे काही गेले नाही त्याने दुसऱ्याच्या वतीने क्षमा वाटत फिरू नये. तसेच दुसऱ्याच्या वतीने फाशीही मागत फिरू नये.

शेवटी निवृत्तिदादांकडे येतो, कारण वारी त्यांच्याकडे निघाली होती. परंपरा सांगते की विठ्ठलपंत आणि रुक्मिणीमाता यांना धर्मसभेने देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि त्यांनी जलसमाधी घेतली. चार लेकरे पोरकी झाली. त्यांनी कोणाचा खून केला नव्हता. तरी शास्त्राच्या नावाने त्यांचा प्राण गेला. त्या घरातल्या दुसऱ्या लेकराने पुढे ज्ञानेश्वरी पुरी करताना देवापाशी पसायदान मागितले. त्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांचा वाकडेपणा तेवढा जावो, असे मागितले आहे. आम्ही ते रोज म्हणतो. कोणाच्या तोंडून निघालेले मागणे आहे, याची आठवण मात्र क्वचित ठेवतो.

तर खुन्याचा प्राण कोणाचा? आम्हांस उमगले ते इतकेच की तो मेलेल्याच्या भाऊबंदांचा नाही, जमावाचा नाही. राज्याने तो घेतलाच तर थरथरत घ्यावा, आणि न घेता भागत असेल तर घेऊ नये. ज्याने दिला त्याचाच तो आहे. ज्याचा खून झाला त्याचाही प्राण त्याचाच होता, म्हणूनच खून हे एवढे मोठे पाप.

आजीला आम्ही म्हटले, "आजी, वारी फुकट जात नाही. मनात आले ते तुम्ही विठोबालाच सांगितले, दुसऱ्या कोणाच्या कानी विष ओतले नाही. कोर्टात खरी साक्ष द्या. मागण्याचे तुमचे तुम्ही आणि तो पाहून घ्या."

आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याची आई माझ्याच विहिरीवर येते, बुवा. मी गेले की ती हंडा तसाच टाकून बाजूला होते. दोन वर्षं झाली." आणि उठताना म्हणाली, "फाशी मागायचं सुटेल का, ठाऊक नाही. पण ती बाजूला होते, ते मला बघवत नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती दिंडीत होती. त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीपुढे तिने डोके टेकले आणि काही मागितले. काय मागितले ते आम्ही विचारले नाही.

॥ रामकृष्णहरि ॥